मांडो

मांडो : गोमंतकातील ख्रिस्ती समाजाचा एक गीत-नृत्यप्रकार. एकोणिसाव्या शतकात सासष्टी महालातील कुडतरी, लोटली, राय, बाणावली, मडगाव या परिसरातील जमीनदार घराण्यांत तो आकारास आला. संथ लयीतील कोकणी गीत, त्याला व्हायोलिन व घुमट यांची साथ आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या स्त्री-पुरुषांच्या दोन रांगांचे संयत नृत्य, ही त्याची तीन अंगे होत. ही तिन्ही अंगे एकाच वेळी प्रत्यक्ष उपस्थित असल्याखेरीज मांडो पूर्ण होत नाही. नुसते गायिलेले किंवा ध्वनिमुद्रित केलेले गीतही लोकव्यवहारात मांडोच म्हणविले जाते. परंतु तो त्याचा एक अंश होय. विवाहसमारंभ हे मांडोचे मूळ स्थान असून यजमानाच्या घरातील मुख्य दालन, म्हणजे ‘साल’, ही त्याची रंगभूमी होती.

‘मांडो’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. कोकणी व मराठी या दोन्ही भाषांत ‘मांड’ म्हणजे गावातील सामुदायिक गायन-नर्तनाची व विधींची ठरावीक जागा; शिगम्याचा आरंभ तेथूनच होतो. काही अभ्यासक मांडोचा संबंध या मांडाशी लावतात, तर काही ‘मंडल’ या संस्कृत शब्दाशी. यांपैकी पहिली उपपत्ती अधिक स्वाभाविक वाटते. धर्मांतरानंतर ख्रिस्ती कुटुंबांचा गावच्या मांडाशी असलेला संबंध तुटला, तरी एकत्र जमून गाण्या-नाचण्याचे ठिकाण हा अर्थ भाषेत टिकून राहणे शक्य होते.

मांडोच्या नृत्यरचनेचे मूळ मात्र गोमंतकाबाहेर, किंबहुना भारताबाहेर शोधावे लागते. बहुतेक अभ्यासक ते पोर्तुगीज ‘कोंत्रादांसा’ या नृत्याशी जोडतात आणि कोंत्रादांसाचे मूळ इंग्लंडमधील ‘कंट्री डान्स’ या नृत्यप्रकारात आहे. इंग्लंडमध्ये स्त्री-पुरुषांनी जोड्याजोड्यांनी, कधी वर्तुळात, कधी चौकोनात, तर बहुधा दोन लांब रांगांत उभे राहून करावयाची ही नृत्ये सोळाव्या शतकापासून रूढ होती. जॉन प्लेफर्ड या लंडनमधील प्रकाशकाने १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ या नावाने शंभराहून अधिक नृत्यांचा संग्रह छापला. प्रत्येक नृत्याची सुरावट आणि तिच्याखाली पदन्यासाच्या सूचना अशी त्याची मांडणी होती. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत त्याच्या वाढीव आवृत्त्या निघत राहिल्या. दोन रांगांच्या नृत्यात जितक्या जोड्या उपलब्ध असतील तितक्यांना सामील होता येई. प्रत्येक जोडी आपल्या शेजारच्या जोडीबरोबर ठरावीक आकृत्या पुऱ्या करून एक स्थान पुढे सरके व अशा रीतीने रांगेतील सर्वांची क्रमाक्रमाने गाठ पडे. एरवी पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलेल्या समाजात उमरावाची कन्या आणि गावचा वकील यांना एका रांगेत आणणारे हे नृत्य लोकप्रिय व्हावे, यात नवल नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ते फ्रान्समध्ये गेले. तेथील नृत्यगुरू राऊल ओजे फय्ये याने १७०६ मध्ये अशा नृत्यांचा संग्रह आपल्या नृत्यलिपीत प्रसिद्ध केला. फ्रेंचांनी ‘कंट्री’ या इंग्रजी शब्दाचे ‘काँत्र’ असे रूपांतर केले. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘समोरचा, विरुद्ध’ असा होतो. ग्रामीण या अर्थाचा शब्द अशा प्रकारे समोरासमोरच्या रांगांचा वाचक बनला. हा निव्वळ उच्चारसादृश्याचा खेळ होता, पण तो नृत्याच्या आकृतीला इतका चपखल बसला, की पुढे अनेकांनी मूळ शब्द फ्रेंचच असावा असे मानले. फ्रान्समधून हे नृत्य स्पेन व पोर्तुगाल येथे आणि तेथून त्यांच्या वसाहतींत पोहोचले. क्यूबात ‘कोंत्रादान्सा’मधून हबानेरा आणि पुढे दान्सोन हे प्रकार निघाले. मिगेल फाइल्दे याने दान्सोन १८७९ मध्ये मातान्सास या शहरात प्रथम सादर केले, असे मानले जाते. तेथे आफ्रिकी वंशाच्या वादकांनी नृत्याची लय बदलली. गोमंतकात घुमटाने तसेच काहीसे केले.

इंग्रजी नृत्यसंगीत भारतात दुसऱ्याही एका वाटेने आले होते व त्याच्याशी तुलना केल्यास मांडोचे वेगळेपण स्पष्ट होते. दक्षिणेत इंग्रजांच्या लष्करी बँडवर वाजणाऱ्या सुरावटी ऐकून मुत्तुस्वामी दीक्षितर (मृ. १८३५) यांनी त्यांवर संस्कृत पदे रचली, ती ‘नोट्टुस्वर’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांत इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल आहे, तशा काही नृत्यांच्या चालीही आहेत. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या दरबारातही पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. परंतु दक्षिणेत आली ती केवळ चाल. ती ज्या नृत्यासाठी होती ते नृत्य, स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचण्याच्या कल्पनेसह, गोऱ्यांच्या दिवाणखान्यातच राहिले. गोमंतकात नेमके उलट घडले. तेथे नृत्याची आकृती स्वीकारली गेली आणि तिच्यासाठी गीत व चाल देशी भाषेत नव्याने रचली गेली.

असे घडण्यास एक दीर्घ आणि बराचसा कष्टदायक इतिहास कारणीभूत होता. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या पारिश शाळांमधून गोमंतकातील ख्रिस्ती मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन, गायन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. गावोगावचे ‘मेस्त्र’ हे काम करीत. पाश्चात्त्य संगीताचे इतके सार्वत्रिक आणि इतके जुने शिक्षण भारतात अन्यत्र क्वचितच आढळते. दुसरीकडे, देशी परंपरा मोडून काढण्याचे प्रयत्नही तितकेच जुने होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. इन्क्विझिशनच्या १७३६ मधील आदेशाने नवख्रिस्ती कुटुंबांना विवाहप्रसंगी ओव्या गाण्याची, तसेच हिंदू विवाहविधींची आठवण देणाऱ्या अनेक चालीरीती पाळण्याची मनाई केली. ही मनाई किती बारकाईने केलेली होती, हे त्या आदेशातील निषिद्ध गोष्टींच्या लांबलचक यादीवरून दिसते. जात्यावर, हळदीच्या वेळी, वधूला न्हाऊ घालताना गाण्याची गाणीच काढून घेतली गेल्यामुळे लग्नघर मुके झाले, असे म्हणता येईल. निदान उघडपणे तरी. ओव्या पूर्णपणे नाहीशा झाल्या नाहीत, हेही खरे.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे रद्द झाले. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत पोर्तुगीज शिक्षण घेतलेला, वकिली, वैद्यकी व प्रशासन यांत शिरलेला ख्रिस्ती भाटकारवर्ग सासष्टीत स्थिरावला. त्याच्या प्रशस्त घरांतील दालनांत वॉल्ट्झ, पोल्का, मझुर्का, क्वाड्रिल, लान्सर्स आणि कोंत्रादांसा ही यूरोपीय नृत्ये होऊ लागली. पोशाख, शिष्टाचार, संभाषण हे सारे पोर्तुगीज होते. अशा दालनात लग्नाच्या रात्री जेव्हा कोकणी गीत सुरू झाले आणि त्याच्याबरोबर कुंभाराने घडविलेले घुमट वाजू लागले, तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लग्नघरातून हद्दपार केलेली भाषा नव्या वेषात परत आली. मांडोच्या रचनाकारांना या गोष्टीची कितपत जाणीव होती, हे त्यांच्या गीतांतून कळत नाही. ती प्रेमाबद्दल बोलतात. तथापि विवाहगीताची रिकामी झालेली जागाच मांडोने भरून काढली, ही वस्तुस्थिती राहते. मांडोला केवळ पाश्चात्त्य नृत्याचे अनुकरण मानणारे लेखक या बाजूकडे दुर्लक्ष करतात.

नृत्याची रीत : वाद्यवृंद व गायक दालनाच्या एका बाजूस बसत किंवा उभे राहत. पुरुष एका रांगेत आणि स्त्रिया त्यांच्यासमोर दुसऱ्या रांगेत उभ्या राहत. कडव्याच्या ओघाबरोबर दोन्ही रांगा लहान, घसरत्या पावलांनी एकमेकींकडे येतात, मध्यावर जवळ पोहोचून पुन्हा मागे सरतात. पुढे त्या एकमेकींतून पार होऊन जागा बदलतात व वळून पुन्हा समोरासमोर येतात. स्त्रीच्या हाती पंखा असतो. तो उघडणे, मिटणे, चेहऱ्याआड धरणे आणि क्षणभर बाजूला करणे यांतूनच बहुतेक भाव व्यक्त होतो. नर्तक-नर्तिका एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. कंबरेत हात घालून फिरणाऱ्या वॉल्ट्झच्या काळात, त्याच दालनात, हे नृत्य स्पर्शावाचून चालत असे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यूरोपीय नृत्याचा साचा उचलताना गोमंतकीयांनी आपली मर्यादेची कल्पना सोडली नाही. इंग्लिश वा फ्रेंच मूळ नृत्यापासूनचा दुसरा भेद असा, की मांडोत जोडी रांगेतून पुढे सरकत जात नाही. ज्याच्या समोर उभे राहून आरंभ केला, सामान्यतः त्याच्याच समोर तो संपतो. इंग्लिश नृत्यातील सर्वांची गाठ पडण्याचा खेळकरपणा येथे उरत नाही. त्याऐवजी दोन व्यक्तींमधील अंतर आणि ते ओलांडण्याची ओढ हाच नृत्याचा विषय बनतो. गीतांचा विषयही तोच असल्याने आकृती आणि आशय यांचा मेळ उत्तम साधतो.

मांडोच्या वेळी स्त्रिया ‘तोडोप-बाजू’ हा खास पोशाख करीत. तोडोप म्हणजे कंबरेभोवती गुंडाळावयाचे वस्त्र व बाजू म्हणजे वरचा सैल अंगरखा; मखमलीचा वा रेशमाचा आणि जरीच्या वेलबुट्टीने मढविलेला. त्यावर शाल व हातात पंखा. ‘बाजू’ हा शब्द मलाय भाषेतही अंगात घालावयाच्या वस्त्रासाठी वापरतात व तोडोप-बाजूची घडणही त्या प्रदेशातील पोशाखाशी जुळते. गोवे, मलाक्का व मकाव यांना जोडणाऱ्या पोर्तुगीज सागरी व्यवहाराचीच ती खूण असावी. पुरुष मात्र यूरोपीय धर्तीचा काळा कोट घालीत. एका रांगेत लिस्बन आणि दुसऱ्या रांगेत मलाक्का असे हे दृश्य असे.

संगीत : मांडोची लय संथ असून पाश्चात्त्य स्वरलेखनात ती सहा-चार या मात्राबंधात लिहिली जाते. चाली बहुधा मायनर स्वरसप्तकातील, म्हणजे कोमल गंधाराचा रंग असलेल्या, असतात; क्वचित एकाच गीतात मायनरकडून मेजरकडे व परत असा प्रवासही आढळतो. गीतात सामान्यतः चार ओळींची काही कडवी व प्रत्येक कडव्यानंतर येणारे ध्रुपद असते. गायन दोन आवाजांत होते. दुसरा आवाज मुख्य चालीच्या खाली तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने तिच्याबरोबर चालतो. पारिश शाळांतील शिक्षणामुळे हे दुहेरी गायन सासष्टीच्या घराघरांत सहज साधत असे. त्यासाठी वेगळ्या तालमीची गरज पडत नसे. व्हायोलिन मुख्य चालीला आधार देते आणि दोन ओळींमधील जागा भरते. संपन्न घरांतून पियानोचीही साथ असे.

घुमट हे या संगीतातील सर्वांत महत्त्वाचे देशी वाद्य होय. मातीचे, दोन्ही बाजूंनी उघडे असे हे गोलसर मडके असते. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवितात व लहान तोंड मोकळे ठेवतात. वादक एका हाताने कातड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड कमी-अधिक झाकून आतील हवेचा दाब बदलतो. त्यामुळे नाद खाली-वर सरकतो व त्याला एक घोगरा, घुमणारा गोडवा येतो. हेच घुमट गोमंतकातील हिंदू समाजात शामेळ व कासाळे यांच्या जोडीने गणेशचतुर्थीच्या सुवारीवादनात वाजते. ख्रिस्ती दालनातील मांडो आणि हिंदू घरातील आरती यांना जोडणारा हा दुवा होय. परंपरेने घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीला संरक्षण मिळाल्यानंतर ते वापरणे गुन्हा ठरला आणि वाद्य काही काळ अडचणीत आले. आता शेळीचे कातडे वापरतात. त्याचा नाद जुन्या घुमटाइतका तीक्ष्ण नसतो, अशी जुन्या वादकांची तक्रार असते. पण वाद्य टिकण्यास हाच मार्ग होता. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले.

मांडोमध्ये वाद्यांची प्रत्यक्ष साथ ही सोय म्हणून नव्हे, तर नृत्याचा आवश्यक भाग म्हणून येते. रांगा किती लांब आहेत, दालन किती मोठे आहे, वधू थकली आहे की काय, हे पाहून वादक ओळीच्या शेवटी किंचित थांबतात किंवा ध्रुपद पुन्हा घेतात. लय मोजून ठेवलेली नसते. ती नर्तक व वादक यांच्यात ठरत जाते. ध्वनिमुद्रणावर मांडो नाचणाऱ्यांना ओळींच्या अखेरीस पावले ओढूनताणून जुळवावी लागतात, त्याचे कारण हेच.

रचनाकार व गीतविषय : मांडोचे रचनाकार बहुधा सुशिक्षित हौशी संगीतज्ञ होते. कुडतरीचे लिगोरिओ द कॉस्ता (१८५१–१९१९) व आर्नाल्दो द मेनेझिस (१८६३–१९१७) आणि लोटलीचे तोर्काटो द फिगेरेदो (१८७६–१९४८) ही त्यांतील विशेष प्रसिद्ध नावे. निरोपाच्या प्रसंगी गायिले जाणारे ‘आदेव्स कोरच्या वेळार’ हे फिगेरेदो यांचे गीत गोमंतकीय ख्रिस्ती समाजात सर्वतोमुखी आहे. लग्न, मेजवानी वा प्रवासाला निघालेल्याची पाठवणी यांची सांगता त्याने करण्याची प्रथा पडली. ‘आदेव्स’ हा पोर्तुगीज शब्द व पुढील शब्द कोकणी, अशी त्याच्या नावातच दोन भाषांची सरमिसळ आहे. मांडोची भाषा सासष्टीतील ख्रिस्ती ब्राह्मणांची कोकणी असून तिच्यात पोर्तुगीज शब्द सढळपणे येतात.

अनुराग, मीलनाची आस, विरह व शोक हे मांडोचे नेहमीचे विषय. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका इकडे नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांमुळे विरह हा त्या काळी केवळ काव्यसंकेत राहिलेला नव्हता. यांशिवाय कौटुंबिक कलह व गावातील भानगडी यांवरही मांडो रचले गेले. काही तर खऱ्या व्यक्तींच्या नावानिशी. राजकीय घटनाही त्यांतून सुटल्या नाहीत. मडगाव येथे २१ सप्टेंबर १८९० रोजी नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वेळी पोर्तुगीज सैनिकांनी जमावावर गोळीबार करून अनेकांचा बळी घेतला. या प्रसंगावरील मांडो आजही गायिला जातो. ज्या दालनांत अधिकारीवर्गाची ऊठबस होती तेथेच असे गीत नृत्याच्या लयीत गायिले जावे, हे मांडोच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. वृत्तपत्रांवर बंधने असताना गीताने बातमी जपली, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मांडोच्या मागोमाग ‘दुलपद’ येते. ही सहा-आठ या मात्राबंधातील जलद गीते असून त्यांत सामान्य गोमंतकीय माणसांची, म्हणजे मासेविक्रेती, पाववाला, तारवटी, कुळंबी यांची चित्रे येतात. अनेक दुलपदांचे कर्ते अज्ञात आहेत. मांडोतील गंभीरपणा येथे सैल होतो आणि रांगा मोडून सारे नाचू लागतात. ‘देखणी’ हा तिसरा प्रकार मुख्यतः स्त्रियांच्या नृत्याचा असून त्यात देवळातील कलावंतिणीची भूमिका घेतलेली असते. कार्लुस एउजेनिओ फेरैर (१८६०–१९३२) यांची नदीपलीकडे लग्नाला निघालेल्या कलावंतिणीची देखणी ‘बॉबी’ (१९७३) या हिंदी चित्रपटातील एका गीताद्वारे देशभर पोहोचली. मांडोने विवाहगीताची जागा भरली, तर देखणीने ख्रिस्ती दालनातून देवळाकडे पाहिले. तेही एका प्रकारच्या कुतूहलमिश्रित ओढीने.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडो लग्नघरांतून मागे पडत गेला. तोडोप-बाजूची जागा पांढऱ्या यूरोपीय वधूवेषाने घेतली. फॉक्सट्रॉट व जाझ यांची नृत्ये आली आणि ती वाजविणारे गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत व पुढे चित्रपटसृष्टीत नाव मिळवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) व वाद्यवृंदसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–९८) हे त्याच परंपरेतील होत. मांडोला जन्म देणाऱ्या भाटकारवर्गाची आर्थिक स्थितीही १९६१ च्या मुक्तीनंतर व विशेषतः कूळकायद्यानंतर बदलली. हे बदल न्याय्यच होते. परंतु त्यांबरोबर मोठी दालने ओस पडली आणि मांडोची रंगभूमी नाहीशी झाली.

त्यानंतर मांडो व्यासपीठावर आला. मुक्तीनंतरच्या काळात पणजीत वार्षिक मांडो महोत्सव सुरू झाला. त्यात गावोगावची पथके स्पर्धेसाठी भाग घेतात, नवी गीते रचली जातात आणि मुलांची वेगळी पथकेही उतरतात. जोझे परैरा (१९३१–२०१५) व मिकाएल मार्तिन्स यांनी शेकडो मांडो, दुलपदे व देखण्या स्वरलेखनासह संकलित केल्या. त्यांचे हे कार्य झाले नसते, तर आज महोत्सवात गावयास जुनी गीते फारच थोडी उरली असती. मात्र महोत्सवातील मांडोचे स्वरूप बदलले आहे. पथक प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहते. त्यामुळे समोरासमोरच्या रांगा तिरप्या होतात व पुष्कळदा गाणाऱ्यांचा समूह आणि नाचणाऱ्या मोजक्या जोड्या अशी विभागणी होते. जे नृत्य उपस्थितांपैकी कोणीही करावे असे होते, ते तालीम झालेल्या थोड्यांनी करावयाचे व इतरांनी पाहावयाचे झाले.

येथे मूळ इंग्लिश नृत्याच्या पुनरुज्जीवनाशी तुलना बोधप्रद ठरते. कंट्री डान्सही एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ व पोल्का यांच्यामुळे मागे पडला होता. सेसिल शार्प (१८५९–१९२४) यांनी खेड्यांतून टिकलेली नृत्ये टिपून घेतली, प्लेफर्डच्या संग्रहातील नृत्ये उलगडून पुस्तकरूपाने मांडली आणि १९११ मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटीची स्थापना केली. ही संस्था १९३२ मध्ये लोकगीतांच्या संस्थेत विलीन झाली. शार्प यांच्या मांडणीत कल्पनेचा भागही बराच होता व त्यावर टीका झाली आहे. पण त्यांनी आरंभापासून भर दिला तो शिकविण्यावर व नाचविण्यावर. आज इंग्लंड, अमेरिका इ. देशांत हौशी मंडळी शनिवार-रविवारी एखाद्या सभागृहात वा शिबिरस्थळी जमतात. दिवसा नृत्ये शिकतात व रात्री नाचतात. व्हायोलिन, बासरी, अ‍ॅकॉर्डियन, पियानो अशी प्रत्यक्ष साथ असते आणि एक पुकारणारा पुढची आकृती मोठ्याने सांगत जातो, त्यामुळे नवख्यालाही रांगेत उभे राहता येते. प्रेक्षक असे तेथे जवळजवळ नसतातच. मांडोच्या बाबतीत संकलन झाले, स्पर्धा झाल्या. पण ज्याला तो येत नाही अशा माणसाला हाताला धरून रांगेत उभे करणारी व्यवस्था फारशी उभी राहिली नाही. मांडोच्या भवितव्याचा प्रश्न गीतांच्या संख्येपेक्षा या उणिवेशी अधिक निगडित आहे.

महाराष्ट्रातील संबंध : मुंबईत धोबीतलाव व माझगाव परिसरातील गोमंतकीयांच्या ‘कुडां’मधून, म्हणजे गावनिहाय वसतिगृहांतून, मांडो व दुलपदे गायिली जात. कोकणी संगीतनाट्य व ध्वनिमुद्रणे यांद्वारे ती शहरात पसरली. मुंबई, ठाणे व वसई येथील ईस्ट इंडियन समाज मराठी भाषक असून त्याचा मांडोशी थेट संबंध नाही. मात्र त्याच्याही विवाहात घुमट होते. लग्नाआधी ‘उंबराचे पाणी’ आणण्याच्या विधीत स्त्रिया घुमटाच्या तालावर गाणी म्हणत. पुढे तेथे ब्रास बँड आला. या समाजांच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात बँडच्या साथीवर जोड्यांची जी ‘मार्च’ निघते, जिच्यात पाहुणे रांगा करतात, हात उंचावून कमानी धरतात व त्यांखालून इतर जोड्या जातात, तिच्यातील आकृत्या जुन्या यूरोपीय समूहनृत्यांतीलच होत.

कोळी नृत्याचा उल्लेख या संदर्भात अनेकदा केला जातो. ठाणे खाडीकाठच्या सानपाडा, वाशी, तुर्भे यांसारख्या, १९७० नंतर नवी मुंबईत सामावल्या गेलेल्या आगरी-कोळी वस्तीच्या गावांत हळदीच्या रात्री सारे गाव नाचते. साथ पूर्वी ढोल-ताशांची, नंतर ब्रास बँडची व अलीकडे बेंजोची असते. कोळी नृत्यातही स्त्री-पुरुषांच्या समोरासमोर रांगा, पुढे येणे व मागे सरणे आणि हातातील रुमाल हे विशेष आढळतात. एवढ्यावरून त्याचा व मांडोचा उगम एक मानणे युक्त नाही. वल्हविण्याच्या हालचालीतून स्वाभाविकपणे रांग तयार होते व दोन रांगा समोरासमोर येणे ही समूहनृत्याची सार्वत्रिक आकृती आहे. साम्य आहे ते अन्य बाबतीत. हळदीच्या रात्री नाचणारे व पाहणारे असे दोन वर्ग नसतात आणि वादकांना वेळ संपल्याची आठवण यजमानालाच करून द्यावी लागते. सासष्टीच्या दालनांतील मांडोची रीतही एके काळी अशीच होती.